घरी काडतूस भरणं, रायफलचा नेम आणि आपला पावसाळा

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. या विषयावर मराठीत धड काही सापडेना, म्हणून धागा काढतोय.

गाव राधानगरी तालुक्यात, पोटापाण्याला कोल्हापुरात. गावाकडच्या घरात एक .३१५ ची रायफल आहे. आजोबांनी घेतलेली, आता वडिलांच्या नावावर, परवाना पीक संरक्षणाचा. वर्षातून एकदा तेलपाणी होतं, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. एवढाच तिचा प्रवास. दुसरीकडं माझी पुतणी .२२ वर ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) मारते, रायफल क्लबची. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतल्यापासून (कांबळवाडी आमच्याच तालुक्यातली, त्या दिवशी काय दंगा झाला असेल बघा) घरात सगळ्यांनाच रायफलीतलं कळायला लागलंय. म्हणजे तसं वाटायला लागलंय.

मी रात्री अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघतो. गडी घराच्या तळघरात बसून वापरलेल्या पुंगळ्या परत घडवतात, दारू सोनारासारखी तोलतात, गोळी बसवतात आणि शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकतात. माझे प्रश्न असे:

हे आपल्याकडं करता येतं का? .३१५ ला त्याचा उपयोग होईल का? आणि पुतणीच्या .२२ चं काय? तिचा ग्रुप, म्हणजे पाटीवरच्या भोकांचा पुंजका, उभा फाटतोय. कोच म्हणतात लॉट बदलून बघू. हा लॉट काय प्रकार असतो?

शिकारीचा विषय नाही, आधीच सांगतो.

शिवाजीपेठी

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. एवढं बास की भावा, तळघर कशाला पायजे?

बाकी रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येऊ द्यात.

कायदेकानू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोरडं आहे, पण ते आधी आलेलं बरं.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बाळगण्याचं कलम ३ आणि बनवण्याचं कलम ५ वेगळं आहे. वडिलांच्या परवान्यावर रायफल बाळगता येते आणि परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत काडतुसं विकत घेता येतात. काडतूस बनवणं, शस्त्र दुरुस्त करणं, त्यात बदल करणं, चाचणी घेणं हे कलम ५ मध्ये येतं आणि त्याचा परवाना निराळा. आता लोकांना माहीत नसलेली गोष्ट सांगतो. कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या वाचा. भरलेलं काडतूस त्यात आहेच, पण काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्री सुद्धा आहे. म्हणजे 'मी फक्त प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) मागवलाय, भरलं काहीच नाही' हा बचाव दाराशीच पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप.

व्हिडिओ बघायला बंदी नाही. पार्सल मागवू नका.

आणि पीक संरक्षणाच्या परवान्यानं रानडुक्कर मारायची मुभा मिळते असा गावोगावी समज आहे. मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो परवान्याच्या वर बसतो. वन खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

भोगावतीकाठ

साहेब, यंत्रसामग्रीचं खरंच माहीत नव्हतं. कार्टमध्ये एक वजनकाटा आणि प्रेस टाकून ठेवला होता, आत्ताच काढला. :)

दहा_पूर्णांक_नऊ

.२२ चं मी लिहितो, ते माझं रोजचं आहे.

आधी एक लक्षात घ्या, .२२ जगात जवळजवळ कुणीच घरी भरत नाही. कायद्याचा प्रश्नच नाही, ती धड भरताच येत नाही. मोठ्या काडतुसाच्या बुडात मधोमध वेगळी टोपी असते, ती उडाली की काढून नवी बसवता येते. .२२ रिमफायर आहे, स्फोटक मसाला बुडाच्या काठात, त्या दुमडीच्या आतच फिरवलेला असतो. फायरिंग पिन काठ चेपते आणि काम होतं. एकदा चेपली की पुंगळी भंगारात. त्यामुळं ऑलिंपिकचा नेमबाज सुद्धा कारखान्यातून येईल तेच वापरतो. त्याच्या हातात फक्त निवड असते, आणि त्या निवडीला लॉट टेस्टिंग म्हणतात.

लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला माल. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, कुठल्याही कंपनीची घ्या. एकाच नावाचा, एकाच किमतीचा डबा दोन वेगळ्या लॉटचा असेल तर तुमच्या बॅरलमधून दोन वेगळे ग्रुप देतो. मसाला, दारू, शिसं, वरचं मेण, सगळ्यात बारीक फरक पडत असतो. आणि एका बॅरलला आवडलेला लॉट शेजारणीच्या त्याच मॉडेलच्या बॅरलला आवडेलच असं नाही. म्हणून युरोपात लोक रायफल घेऊन थेट कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात. लापुआची जर्मनीत शोनेबेकला आहे. तिथं बॅरल शिकंज्यात धरतात, माणूस बाजूला, आणि एकामागून एक लॉट मारून बघतात. जो जमला तो वर्षभराचा उचलतात.

आता उभ्या फाटण्याचं. गणित करून बघा. हवेचा विरोध सोडून देऊ. ३२० मीटर प्रति सेकंदानं निघालेली गोळी ५० मीटरला पोचेपर्यंत साधारण १२० मिलिमीटर खाली येते. ३३० नं निघालेली ११३. म्हणजे वेगात १० चा फरक पडला की पाटीवर सात मिलिमीटर वर-खाली. आपल्या ५० मीटरच्या टार्गेटवर गुण दशांशात मोजतात, अगदी मधोमध १०.९, आणि दशांशाची एक पायरी ०.८ मिलिमीटरची असते. पोरीनं अगदी १०.९ चा शॉट सोडला आणि गोळी तेवढी मंद निघाली, तर स्क्रीनवर १०.१ दिसणार. तिची काही चूक नाही. हेच वाईट लॉटमध्ये साठ शॉटमध्ये किती वेळा होईल याचा विचार करा.

पण उभं फाटतंय म्हणजे लॉटच, असं नाही. प्रोनमध्ये श्वास एकाच जागी थांबत नसेल, स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) घसरत असेल, गालाचा दाब बदलत असेल, तरी उभंच फाटतं. आडवं फाटलं की वारा बघायचा. एक मीटर प्रति सेकंद आडवा वारा .२२ ला ५० मीटरवर सहा-सात मिलिमीटर ढकलतो, आणि तेवढा वारा गालाला जेमतेम कळतो.

म्हणून कोच बरोबर सांगतायत, पण लॉट बदलताना पुतणीला कळू देऊ नका. कोचनी डब्यातून काढून ट्रेमध्ये द्यायच्या, कुठल्या लॉटच्या ते तिला माहीत नको. नवीन डबा बघितला की पोरं आपोआप नीट मारतात.

लेथवाला_उद्यमनगर

वर +१. कळू देऊ नका हे लई महत्त्वाचं.

आमचं शिवाजी उद्यमनगरात शॉप हाय, बंदुकीचं काम करत न्हाई आणि करणार न्हाई. वर वकीलसाहेबांनी सांगितलंच. त्या व्हिडिओतली डाय (पुंगळी दाबायचा साचा) आमचं पोरगं अर्ध्या दिवसात काढून दील, पण परवानाधारक गनस्मिथ सोडून कुणी नळीला हात लावायचा न्हाई. मात्र रायफल म्हंजे शेवटी मशिनच, आणि मशिनचं जे कळतं ते सांगतो.

माझ्या मेव्हण्याच्या पोराची रायफल एकदा बघितली (नुसती बघितली, साहेब). स्टॉकला (दस्त्याला) बॅरलवाली बॉडी धरणारे दोन बोल्ट असतात. पोरगं प्रत्येक वेळी स्वच्छ करताना ते सोडायचं आणि ॲलन कीनं हाताला वाटंल तेवढं आवळायचं. आता सांगा, शॉपमध्ये कुणी फिक्स्चर अंदाजानं आवळतं का? बोल्टचा टॉर्क बदलला की बॉडी वेगळ्या जागी वाकून बसते, बॅरल वेगळं थरथरतं, आणि ग्रुप सरकतो. टॉर्क रेंच घ्या. कंपनीच्या पुस्तिकेत आकडा असतो, त्यावरच आवळा, दरवेळी पुढचा आधी की मागचा आधी तो क्रमही ठरलेला ठेवा. आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरनं स्टॉकवर नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. रेघ तुटली की बोल्ट हलला. फुकटात काम.

आणि सोडायचेच कशाला? बॅरल साफ करायला स्टॉक काढावा लागत न्हाई.

दहा_पूर्णांक_नऊ

नेलपॉलिश! आमच्या रेंजवर सगळ्या मुलींच्या रायफलींवर आहे, मुलांच्या ढिल्या. :)

साफसफाईचं जोडतो. रॉड नेहमी मागून, म्हणजे चेंबरकडून (काडतूस बसतं तिकडून) घालायचा, तोही गाईड लावून. पुढून घातला तर तोंडाची कड घासते. गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचा होतो. तिथं एका बाजूला बारीक ओरखडा पडला की मागून सुटणारा वायू गोळीच्या बुडाला एका अंगानं ढकलतो. म्हणूनच कड आत बुडवलेली असते, तिला क्राउन म्हणतात. दुसरी जागा चेंबरच्या लगेच पुढं. तिथं काजळीचं कडं धरतं, दगडासारखं. नुसतं फेल्ट फिरवून जात नाही. बऱ्याच 'म्हाताऱ्या झालेल्या' बॅरल त्या कड्यामुळं म्हाताऱ्या असतात.

लॉट बदलला, विशेषतः कंपनी बदलली, की पहिले दहा-वीस शॉट हिशोबात धरू नका. आधीच्या मेणावर नवीन मेण बसायला तेवढे लागतात.

डॅन्यूबकाठचा_कोल्हापुरी

बव्हेरियातून नमस्कार. मूळचा राजारामपुरीचा. इथल्या क्लबमध्ये १०० आणि ३०० मीटर मारतो, आणि इथं रीतसर परवान्यानं काडतुसं भरतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. जर्मनीत स्फोटकांच्या कायद्याच्या कलम २७ खाली परवानगी लागते. त्याआधी अभ्यासक्रम, परीक्षा, क्लबचं पत्र, पोलिसांकडून पार्श्वभूमी तपासणी. मुदत पाच वर्षं. म्हणजे इथंही कुणी उठून तळघरात बसत नाही.

भरण्यात नेमकं काय असतं? वापरलेली पितळी पुंगळी फुगलेली असते. ती डायमध्ये दाबून परत मापात आणायची. सगळं कसब या 'मापात' मध्ये आहे. खांदा (पुंगळी निमुळती होते ती जागा) फार मागं ढकलला की पुढच्या वेळी पितळ परत ताणतं आणि दोन-चार वेळात बुडाजवळ चिरतं. मी पाच शतांश मिलिमीटर ढकलतो, गेजवर बघून. मग मान, म्हणजे गोळी धरणारं पुढचं टोक. मान सगळ्या पुंगळ्यांत गोळीला सारख्याच जोरानं धरायला हवी, नाहीतर दाब वेगळा, वेग वेगळा, आणि वर १०.९ साहेबांनी सांगितलेला उभा ग्रुप. मान वारंवार घडवून कडक होते, ती तापवून परत नरम करावी लागते. मग टोपी, मग तोललेली दारू, मग गोळी किती खोल बसवायची ते. नळीतल्या आट्यांपासून गोळी किती अंतरावर थांबते यावर ग्रुप बदलतो. दारूचे आकडे लिहीत नाही, ते नेहमी छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचे असतात, तेही खालच्या टोकापासून.

हे सगळं मन लावून करण्यासारखं काम आहे, खोटं कशाला बोलू. थंडीच्या रात्री रेडिओ लावून पुंगळ्या मोजत बसायला मजा येते. पण .३१५ साठी? भोगावतीकाठ, उपयोग नाही. ते काडतूस मुळात ८ x ५० मॅनलिखर घराण्यातलं. इंग्रजांना लष्करी .३०३ लोकांच्या हाती नको होती, म्हणून नागरी रायफलीला हे दिलं. तुमची रायफल ली-एनफिल्ड धाटणीची असेल तर तिच्या बोल्टचे (स्टॉकचा नव्हे, काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) लॉकिंग लग, म्हणजे त्याला अडकवणारे खुंट, मागच्या बाजूला असतात. बार उडाला की बोल्ट-बॉडी लवचिकपणे ताणते आणि पुंगळी तिच्याबरोबर लांबते. अशी पुंगळी परत परत भरली तर बुडापासून तुटायची शक्यता समोरून लॉक होणाऱ्या रायफलीपेक्षा जास्त. भरीला उघड्या साइट्स, दुर्बीण नाही. काडतूस कितीही बारीक तोललंत तरी डोळा आणि माशी तेवढं बारीक बघू देणार नाहीत.

आणि ते तीन गोळ्या नाण्याखाली, त्यावर माझा जुना राग आहे. रायफल तीच, काडतूस तेच. तीन गोळ्यांचे खूप ग्रुप मारले तर टोकाच्या दोन भोकांतलं सरासरी अंतर विखुरण्याच्या मापाच्या (सांख्यिकीतल्या सिग्माच्या) २.४ पट येतं. पाच गोळ्यांचं ३.१ पट. दहांचं ३.८ पट. म्हणजे ज्या रायफलीचा तीनाचा ग्रुप सरासरी २० मिलिमीटर, तिचाच दहाचा ३२ येणार. रायफल बिघडलेली नाही, तुम्ही जास्त मोजलंत एवढंच. व्हिडिओवाला तीनाचे भरपूर मारतो, त्यातला सर्वात सुंदर दाखवतो, आणि म्हणतो 'हे नवीन लोड (दारू-गोळीची जुळणी) भारी'. मग पुढच्या आठवड्यात तेच लोड दुप्पट पसरतं तेव्हा दोष वाऱ्याला. मी आता एका लोडचे वीस शॉट एकाच कागदावर घेतो आणि टोकाचं अंतर न मोजता प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर घेऊन सरासरी काढतो. त्यानं माझी निम्मी 'सुधारणा' हवेत गेली.

लेथवाला_उद्यमनगर

वाखुसा (वाचनखूण साठवली). ह्यो प्रतिसाद प्रिंट काढून शॉपात लावतो. आमच्याकडं पण पहिले तीन पीस गेजात बसले की सुपरवायझर सेटिंग ओके म्हणतो.

एक शंका. .२२ च्या काडतुसाची रिम किती जाड हाय ते मोजून वेगळी करायची असं वाचलं. मायक्रोमीटरनं मोजायला मला दहा सेकंद लागतील. फरक पडतो का?

दहा_पूर्णांक_नऊ

स्वस्त काडतुसात पडतो म्हणतात. मॅच दर्जाच्या काडतुसात कारखान्यानं ते आधीच सांभाळलेलं असतं. पोरीला परीक्षेच्या काळात रिम मोजायला बसवू नका, तो वेळ ड्राय फायरिंगला (काडतुसाशिवाय नेमाच्या सरावाला) द्या. माझं मत.

डॅन्यूबकाठचा_कोल्हापुरी

असहमत, थोडासा. इथले बेंचरेस्टवाले मोजतात आणि त्यांना फायदा दिसतो. पण ते रायफल टेबलावर टेकवून मारतात, माणसाचा हलण्याचा वाटा जवळजवळ शून्य. प्रोनमध्ये माणूसच रिमपेक्षा मोठा. तेव्हा पुतणीसाठी १०.९ साहेबांचंच ऐका.

सांजवेळ_रंकाळा

वाचतोय. वय झालं, रायफल कधी हातात धरली नाही, पण दाजीपूरचं नाव निघालं नाही म्हणून लिहितो. आज जिथं राधानगरी अभयारण्य आहे ती कोल्हापूर संस्थानची शिकारीची राखीव जागा. १९५८ ला तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचे, चित्तेवान नावाची माणसंच वेगळी होती. आपल्याकडचे चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून आणले. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये भुसा भरलेली जनावरं आणि बंदुका अजून बघता येतात. आता त्याच जिल्ह्यातली पोरं कागदाला भोकं पाडून जगभर फिरतात. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनलाच विश्वविजेती झाली ना? राही सरनोबत २०१८ च्या एशियाडला सोनं घेऊन आली. बरं वाटतं.

डॅन्यूबकाठचा_कोल्हापुरी

काका, हो. प्रोनच, ६०० पैकी ५९७, तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी. ती रेंज म्युनिकच्या उत्तरेला गार्शिंगजवळ होखब्रुकला आहे, १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली. मी तिथं गेलो की हटकून ५० मीटरच्या हॉलमध्ये एक चक्कर मारतो.

पालक_एक

माझा मुलगा एअर रायफल मारतो, १० मीटर. इथं सगळं .२२ चं चाललंय म्हणून भीत भीत विचारते. आमच्याकडं पण लॉट असतो का? आणि दुकानदार ४.४९, ४.५०, ४.५१ असे पेलेट (शिशाचे छर्रे) दाखवतो, कुठला घ्यायचा? परवाना लागतो का हेही कुणी म्हणतं लागतो, कुणी म्हणतं नाही.

कायदेकानू

ताई, .१७७ बोर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच एअर रायफल त्याच्या बरीच खाली असते. खरेदीची पावती आणि ओळखीचे कागद जपून ठेवा, प्रवासात उपयोगी पडतात.

दहा_पूर्णांक_नऊ

ताई, असतो. पेलेटच्या डोक्याच्या व्यासाचे ते आकडे आहेत, शतांश मिलिमीटरमध्ये. दुकानदाराला विचारून उत्तर मिळणार नाही, रायफलला विचारावं लागतं. क्लबमध्ये बहुतेक ठिकाणी एअर रायफल धरायचा शिकंजा असतो. तिन्ही मापांचे थोडे थोडे पेलेट घेऊन त्यावर मारा. १० मीटरला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, त्यामुळं भोक भोकातच जायला पाहिजे. जो एक ओबडधोबड भोक पाडतो तो घ्या, आणि त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे एकदम. डबा सांडला तर खाली पडलेले वापरू नका, शिसं मऊ, कडा लगेच दबते.

दुसरं, हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षं झाली की स्पर्धेत चालत नाही, आणि सुरक्षितही नाही. सेकंडहँड घेताना लोक रायफल चकाचक बघतात आणि सिलिंडरची तारीख बघायची विसरतात.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे आभार. काल पुतणीबरोबर रेंजवर बसून आलो. तिच्या रायफलचा स्टॉक लाकडी आहे, क्लबची जुनी. कोचना बोल्टचं विचारलं तर म्हणाले, उन्हाळ्यात आवळलेले, तेव्हापासून कुणी बघितले नाहीत. रेंच लावला तर पुढचा बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्याच्या बराच खाली. आपला जून-जुलै मधे गेला. यात पावसाचा काही हात असेल का?

लेथवाला_उद्यमनगर

असणारच. लाकूड लांबीत फारसं बदलत न्हाई, पण रुंदी-जाडीत ओल पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात आवळला, पावसात लाकूड फुगून बोल्टवर ताण आला, बॉडीखालचं लाकूड दबलं. आता ऊन पडल्यावर ते आकसलं की बोल्ट ढिला. म्हणून चांगल्या लाकडी स्टॉकात बोल्टभोवती ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवतात, पिलर म्हणतात. धातूवर धातू टेकतो, लाकडाचा संबंधच मिटला. बॉडीखाली इपॉक्सीचा थर देतात ते बेडिंग. पण क्लबची रायफल हाय, ते काम परवान्याच्या गनस्मिथकडंच, क्लबच्या लेखी परवानगीनं.

तुम्ही घरी एवढं करू शकता. रायफल रिकामी हाय हे दोघांनी बघायचं, मग दहाची नोट बॅरल आणि लाकडाच्या फटीत घालून चेंबरकडं ओढत न्यायची. मधे कुठं अडकली तर तिथं लाकूड बॅरलला टेकतंय. पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा करून बघा.

भोगावतीकाठ

नोट अडकली! पुढच्या टोकापासून चार बोटं आत, डाव्या अंगाला. कोच आणि मी दोघंही बघत राहिलो.

दहा_पूर्णांक_नऊ

मग लॉट टेस्ट थांबवा. आधी लाकूड. नाहीतर चांगला लॉट उगाच नापास होईल. बॅरल टेकत असेल तर ते तापेल तसा स्पर्श बदलतो आणि शॉट हळूहळू एका दिशेला चालत जातात. तिच्या जुन्या मॅचच्या प्रिंट असतील तर शेवटच्या वीस शॉटचा मध्य पहिल्या वीसपेक्षा सरकलाय का बघा.

भोगावतीकाठ

पाहिलं. उजवीकडं आणि वर. चार प्रिंट होत्या, तीनमध्ये तसंच. कोचनी क्लबकडं गनस्मिथसाठी अर्ज दिलाय. पुतणी म्हणते, 'काका, मी सांगत होते ना, शेवटी शेवटी उजवीकडं जातंय.' तिला सगळे म्हणायचे दमतेस.

शिवाजीपेठी

पोरगी बरोबर, लाकूड चूक. विषय हार्ड!

संपादक

धागा उत्तम चाललाय. दोन सूचना: दारूचे आकडे किंवा भरण्याच्या कृती इथं टाकू नयेत, आले तर उडवले जातील. शस्त्र किंवा काडतूस विकत घेण्या-देण्याबद्दल व्यक्तिगत निरोपातूनही विचारणा करू नये.

भोगावतीकाठ

मान्य. .३१५ चा विषय संपलाच म्हणा, तिला तेलपाणी चालू ठेवतो. त्यावरून शेवटचा प्रश्न: मागच्या निवडणुकीनंतर ती परत आली तेव्हा मागच्या बोल्टवर (दांड्यावर) तांबूस डाग होते. घरी कपाटात ठेवतो तिथंही भिंतीला ओल येते.

डॅन्यूबकाठचा_कोल्हापुरी

कापडी किंवा चामडी पिशवीत कधीच ठेवू नका, ती ओल धरून ठेवते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. सिलिका जेल ठेवत असाल तर ती महिन्यातून एकदा तव्यावर वाळवावी लागते, नाहीतर नुसतीच पडून असते. डागावर पातळ तेल आणि मऊ कापड, सँडपेपर नको. जमा करताना पावतीवर अवस्था लिहून घ्या आणि फोटो काढा.

दहा_पूर्णांक_नऊ

आणि लाकूड झालं की लॉटसाठी परत या. तोवर पुतणीला सांगा, रिकाम्या डब्याची लॉट नंबरची झाकणपट्टी फाडून वहीत चिकटवायची, शेजारी त्या दिवशीचा स्कोअर, तापमान, वारा. गनस्मिथकडून आल्यावर बोल्टचा नवीन आकडाही त्याच पानावर.